मिनिटाला ११६ पावलं: ब्रिटिश लष्करी बँडच्या रेकॉर्डी, आठ महिन्यांनंतर

या रेकॉर्डी मी गुडघ्यासाठी घेतल्या. हसू नका. गेल्या ऑक्टोबरात फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं, रोज अर्धा तास चाला, पण रमतगमत नको, झपाझप आणि एका लयीत. पहिला आठवडा हिंदी गाणी लावून पाहिली. मुखड्याला पाय उचलायचा, अंतऱ्याला रेंगाळायचा. मग एका शनिवारी इथे लंडनच्या हाउन्स्लो भागातल्याच एका चॅरिटी शॉपमध्ये (दानात आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान) एलपींचं खोकं चाळताना मुखपृष्ठांवर लाल डगले आणि अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या दिसल्या. एका पौंडाला एक. तीन उचलल्या. आज घरात बावीस एलपी आहेत, चार सीडी आहेत, एलपी फोनवर उतरवून घेता येईल असा यूएसबीवाला रेकॉर्ड प्लेअर आहे. गुडघ्याचं म्हणाल तर तोही बरा आहे.

आधी एक घोळ निस्तरतो, कारण माझा स्वतःचा झाला होता. ब्रास बँड, पाइप बँड आणि मिलिटरी बँड या तीन वेगळ्या गोष्टी. ब्रास बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ताशे-ढोल. पाइप बँड म्हणजे स्कॉटिश मशकबीन. मिलिटरी बँडमध्ये पितळी वाद्यांबरोबर क्लॅरिनेट, फ्लूट, ओबो, सॅक्सोफोन असतात, आणि ऑर्केस्ट्रात जे काम व्हायोलिनं करतात ते इथे क्लॅरिनेटांची पलटण करते. खोक्यात तिन्ही एकत्र कोंबलेले असतात, मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. मी एक कोळसा खाणीचा ब्रास बँड घरी आणला. वाईट नाही, पण मला हवं होतं ते नाही.

एलपींची हालत मात्र नवलाची. रॉक किंवा जॅझच्या जुन्या तबकड्या घासून पांढऱ्या झालेल्या असतात, या जवळजवळ कोऱ्या निघतात. माझा अंदाज असा की लोकांनी परेड बघून आल्यावर आठवण म्हणून घेतल्या, एकदा लावल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. साठ-सत्तरच्या दशकातला जाडजूड व्हिनाइल, सुई टेकली की खरखर जवळजवळ नाहीच.

आता चालीचं. राजवाड्याचा पहारा करणाऱ्या गार्ड्स पलटणींची कवायतीची चाल मिनिटाला ११६ पावलांची, आणि बँडही तेच धरून वाजवतो. लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे चपळ पायदळाची, १४०. हे मला पुस्तकातून नाही, पोटऱ्यांतून कळलं. एका थंडगार सकाळी लाइट इन्फन्ट्रीच्या बँड आणि बिगुलांची एलपी कानात घालून निघालो आणि तिसऱ्या ट्रॅकला बसस्टॉपच्या बाकावर बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, ठीक आहात ना? काय सांगणार, पलटणीबरोबर पळत होतो म्हणून? ११६ मात्र पन्नाशीच्या माणसाला अगदी बेताची. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. कॉलेजात एनसीसीत 'बाएँ-दाएँ-बाएँ' ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता आपोआप होतं.

या सगळ्या ढिगातून एकच ठेवा म्हणाल तर मी सर व्हिव्हियन डन यांनी रॉयल मरीन्सच्या, म्हणजे नौदलाच्या सैनिकांच्या, बँडकडून वाजवून घेतलेले केनेथ आल्फर्डचे मार्च, म्हणजे कवायतीच्या धुना, ठेवीन. आल्फर्ड हे टोपणनाव. खरं नाव फ्रेडरिक जोसेफ रिकेट्स, जन्म १८८१. पोरका पोरगा, वय वाढवून सांगून फौजेत भरती झाला, पुढे आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सचा बँडमास्टर झाला आणि १९२७ पासून रॉयल मरीन्समध्ये. नोकरीतल्या माणसाने बाहेर धंदा केलेला वरिष्ठांना चालायचा नाही, म्हणून मुलाचं नाव केनेथ आणि आईचं माहेरचं आडनाव आल्फर्ड जोडून त्याने चाली छापल्या. सरकारी नोकरीत असून टोपणनावाने लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे पटेल.

त्याचा 'कर्नल बोगी' १९१४ चा. स्कॉटलंडमध्ये फोर्ट जॉर्जजवळ गोल्फ खेळताना एक लष्करी गृहस्थ समोरच्याला सावध करायला ओरडायच्या ऐवजी दोन सूर शिट्टीवर वाजवायचे, आणि त्या दोन सुरांतून मार्च निघाला अशी गोष्ट सांगतात. पेटीवर वाजवून बघा: प, ग. बस्स. पुढचं सगळं त्यातून फुटतं. १९५७ च्या क्वाय नदीवरच्या पुलाच्या सिनेमामुळे जगाला तो शिट्टीतच माहीत झाला. मीही तसाच ओळखत होतो. पण बँडमध्ये ऐकल्यावर शिट्टी म्हणजे नुसता सांगाडा होता हे कळतं. वर कॉर्नेट आणि क्लॅरिनेट मुख्य चाल घेऊन जातात आणि मधल्या थरात युफोनियम स्वतःचीच एक चाल गुणगुणत असतं. युफोनियम म्हणजे पुण्यात वरातीच्या बँडमध्ये एक काका पोटाशी धरून फुंकायचे ते, ट्युबाचं धाकटं भावंड. वरातीत ते नुसतं भरीला असतं असं मला वाटायचं. आल्फर्डमध्ये महिनाभर वरची चाल ऐकून कंटाळा आला, मग कान खाली उतरला, आणि पुढचे दोन महिने मी फक्त युफोनियमच्या मागे चाललो. डनसाहेब मुळात व्हायोलिनवाले, १९३० साली बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा निघाला तेव्हा त्यात होते, आणि १९३१ पासून रॉयल मरीन्समध्ये, म्हणजे काही वर्षं आल्फर्डबरोबर एकाच सेवेत. त्यांच्या हाताखाली बँड कधी आरडाओरडा करत नाही. ढोल पाय उचलतो, पण चालीवर चढून बसत नाही. इतर बऱ्याच एलपींत नेमकं हेच बिघडलंय: झांजा आणि साइड ड्रम पुढे, क्लॅरिनेट-फ्लूटसारखी लाकडी वाद्यं गायब. चालायला ठीक, ऐकायला डोकेदुखी.

आई डिसेंबरमध्ये पुण्याहून आली होती. दोन दिवस गप्प ऐकलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांना घालवायला एवढी वर्षं गेली, आणि तू पैसे मोजून त्यांचा बाजा घरात आणतोस?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'इम्पीरियल एकोज' नावाचा मार्च लावताना नावानेच कसंसं होतं. पण ती चाल सुरू झाली आणि आईच म्हणाली, "अरे, हे तर ह्यांच्या ट्रान्झिस्टरवरचं!" बीबीसीच्या 'रेडिओ न्यूजरील'ची ती ओळखधून होती. बाबा शॉर्टवेव्हचा काटा केसाकेसाने सरकवत बसायचे, खरखरीतून आधी हा बँड यायचा आणि मग बातम्या. वर्ल्ड सर्व्हिसची 'लिलिबुलेरो'ही तिला लगेच ओळखू आली. तेव्हापासून तिचा विरोध थोडा मावळला.

जुन्यात जुनं म्हणून कोल्डस्ट्रीम गार्ड्स या गार्ड्स पलटणीच्या बँडच्या पहिल्या महायुद्धाआधीच्या ध्वनिमुद्रणांची सीडी घेतली. ही सगळ्यांसाठी नाही. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनच नव्हता, वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने बसायचे आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ कोरायची. मोठा ढोल वाजवला तर सुई उडायची, म्हणून तो बहुतेक वेळा गाळलेला किंवा दूर ठेवलेला. म्हणजे माझ्या डाव्या पायाचा आधारच गेला! आणि दर तीन-चार मिनिटांनी तबकडी संपते.

पण याच सीडीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. बायकोची पेटी काढून चाल धरायला गेलो तर सूर सापडेना. या पट्टीत खाली, पुढच्या पट्टीत वर. पेटी बिघडली असं वाटून अर्धा तास भाता तपासला. मग समजलं की ब्रिटिश फौजेचे बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरात जुळवलेले असत. आज मूळ सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात, त्यांचा ४५२ च्या घरात. फरक सुमारे पाव स्वराचा, म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. यातून एक गंमत होते. जुनी तबकडी सीडीवर उतरवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो 'सूर जुळवायला' वेग कमी करून ४४० वर आणतो, आणि मग ११६ ची चाल ११३ ची होते. ऐकून पत्ता लागत नाही. पायांना लागतो, काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. माझ्याकडे एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन सीडी आहेत, एक सरळ आणि एक अशी ओढलेली. दुसरीत भर म्हणून खरखर काढायच्या नादात पिकोलोही, म्हणजे चिमुकली फ्लूटही, पुसून टाकलीय.

जिथून ती घेतली त्या ऑनलाइन विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असं असतंच. स्ट्रीमिंगवर तर आनंदी आनंद. तोच ट्रॅक चार नावांनी, चार मुखपृष्ठांखाली, बँडचं नाव कधी ग्रेनेडियर (आणखी एक गार्ड्स पलटण), कधी नुसतं 'मिलिटरी बँड', कंडक्टरचं नाव नाही, साल नाही. पैसे तिथे घालवू नका. शोधून काढायचं असेल तर एलपीची मागची बाजूच कामाला येते.

मैदानावरच्या परेडच्या रेकॉर्डी एकदा ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या. 'ट्रूपिंग द कलर'मध्ये, म्हणजे राजाच्या अधिकृत वाढदिवसाच्या परेडमध्ये, पाचही फूट गार्ड्सचे (पायदळी गार्ड्सचे) बँड एकत्र येतात, पण हॉर्स गार्ड्सचं पटांगण मोठं, आणि मागच्या रांगेचा आवाज पुढच्या रांगेच्या मागून पोचतो. तीस मीटर अंतर म्हणजे सेकंदाचा जवळजवळ अकरावा हिस्सा. त्यावर भिंतींचा प्रतिध्वनी. डोळ्यांनी पाहताना हे जाणवत नाही, हेडफोनमध्ये जाणवतं. तो प्रसिद्ध 'स्पिन व्हील', अख्खा बँड चाकासारखा जागच्या जागी फिरतो तो, रेकॉर्डवर निव्वळ आवाज लहानमोठा झाल्यासारखा ऐकू येतो. तरी त्यातले संथ मार्च जरूर ऐका. कोल्डस्ट्रीमचा संथ मार्च मोझार्टच्या 'फिगारो'तला, ग्रेनेडियर्सचा हँडलच्या 'स्किपिओ'तला. फौजेने ऑपेरातून चाली उचलल्या आणि पार आपल्याशा केल्या.

होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या दोन स्वीट्सबद्दल (स्वीट म्हणजे अनेक भागांची रचना) वेगळं लिहायला हवं, पण इथे थोडक्यात. १९०९ ची पहिली, ई फ्लॅटमधली, खास मिलिटरी बँडसाठी लिहिलेली. खर्जातून ट्युबा आणि युफोनियम आठ आवर्तनांची एक चाल मांडतात आणि मग तीच चाल पुन्हापुन्हा, दरवेळी नव्या कपड्यांत. तीन मात्रांची असल्यामुळे तिच्यावर चालता येत नाही. प्रयत्न केला, फुटपाथवर लंगडी घातल्यासारखं झालं. ही संध्याकाळी, दिवा मंद करून ऐकायची. मशकबीन नकोच म्हणणाऱ्यांनीसुद्धा रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सचं 'अमेझिंग ग्रेस' एकदा ऐकावं. १९७२ साली ते इथे पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, पॉप गाण्यांच्या यादीत!

माझा चालायचा रस्ता विटनच्या दिशेने जातो आणि नेलर हॉलच्या फाटकापाशी वळतो. फौजेची संगीतशाळा इथे १८५७ पासून होती. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, तुर्कस्तानातल्या स्कुटारीला राणीच्या वाढदिवसाच्या परेडला सगळ्या बँडांनी एकदम राष्ट्रगीत वाजवलं, पण प्रत्येकाने आपापल्या पट्टीत आणि आपापल्या बांधणीत, आणि वरिष्ठांची मान खाली गेली. त्यातून ही शाळा निघाली असं सांगतात. २०२१ मध्ये फौज इथून गेली. १९९४ च्या फेररचनेत कितीतरी बँड बंद झाले किंवा एकमेकांत मिसळले, त्यामुळे माझ्या बावीस एलपींतले बरेच बँड आज कुठेच वाजत नाहीत. एका एलपीवर 'रॉयल मरीन्स स्कूल ऑफ म्युझिक, डील' असं छापलंय. १९८९ च्या सप्टेंबरात तिथे आयआरए या आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेच्या बॉम्बने अकरा बँडवाले मारले गेले. ती एलपी मी चालताना लावत नाही.

आता आल्फर्डच्या एलपीतला एकमेव दोष सांगतो, तो माझ्याच प्रतीचा आहे. 'द व्हॅनिश्ड आर्मी' हा मार्च त्याने महायुद्धात पडलेल्या पहिल्या एक लाखांसाठी लिहिला. त्याच्या मधोमध एक ओरखडा आहे आणि सुई एक फेरा उडी मारते. मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोड्या वर फेऱ्यांच्या हिशोबाने एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे ११६ च्या चालीत साडेतीन पावलं. साडेतीन! पूर्ण तीन असती तर नुसता पाय बदलला असता, इथे ढोल पाऊल हवेत असतानाच पडतो. दुसरी धड प्रत मिळाली, एका पौंडालाच. पण फोनवर अजून ही ओरखड्याचीच आहे. रोज फाटकाच्या अलीकडे, लाल पत्रपेटीपाशी ती जागा येते, आणि एनसीसीच्या सुभेदारसाहेबांनी शिकवला होता तसा मी अर्धं पाऊल खाऊन 'कदम बदल' करतो.