क्लॅट की सीईटी? बारावीनंतर लॉ करणाऱ्यांसाठी

क्लॅट ही देशभरातल्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची (विधी विद्यापीठांची) प्रवेश परीक्षा, सीईटी ही महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांची. दोन्हींत मुलाखत नाही, निबंध नाही. अमेरिकेतली लॉ स्कूलं मागतात तशी शिफारसपत्रंही नाहीत. जी काय पारख व्हायची ती दोन तासांत, त्यामुळे ते दोन तास कसे जातात ते बघूनच ठरवा. मी एकाच वर्षी दोन्ही दिल्या.

सीईटीचे प्रश्न सुटसुटीत, पेपर मराठीतही मिळतो, चुकलं तरी गुण कापत नाहीत. माझ्यासारख्या साताऱ्याच्या मराठी माध्यमवाल्याला हे घरचंच मैदान. पण शेवटच्या पाच मिनिटांत हॉलभर माउसची टकटक सुरू झाली. बाहेर आल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, "शेवटचे वीस सगळे 'सी' मारले." मीही मारले होतेच, न मारणारा वेडा. तरी एसटीत बसल्यावर ते डोक्यातून जाईना. वर्षभराचा अभ्यास आणि हे तुक्के एकाच यादीत लागणार होते.

क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न, सगळे उताऱ्यांवर, आणि चुकीला पाव गुण जातो. बॉलपेनने गोल काळा केला की खोडता येत नाही, म्हणून हात आपसूक थांबतो. मी अकरा गोल कोरे ठेवून उठलो. कायद्याच्या भागात नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो समोरच्या भांडणाला लावून दाखवायचा. इंग्रजी मात्र भराभर वाचता यायला हवं. सुरुवातीला मला एका उताऱ्याला सात मिनिटं लागायची; रोज एक अग्रलेख वाचत आठ महिने घालवले तेव्हा कुठे जमलं.

फीचा मुद्दा खरा आहे. मुंबईचं 1855 सालचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज सीईटीतूनच मिळतात. गव्हर्नमेंटची फी नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांच्या लाखांपुढे किरकोळ. घरी ओढाताण असेल तर मी वाद घालणार नाही. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या डोमिसाइलला राखीव जागा असतात, हे बरेच जण विसरतात. क्लॅटचा रँक थोडा घसरला तरी तिथे आशा राहते. माझं तसंच झालं. (दिल्लीची नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी क्लॅटमध्ये नाही, तिची एआयएलईटी ही परीक्षा वेगळी.)

क्लॅट डिसेंबरात होते, सीईटी त्यानंतर. म्हणजे आधी उताऱ्यांच्या मागे लागायला हरकत नसावी. सीईटीचं जीके मी बोर्डाच्या पेपरांमधल्या सुट्ट्यांत उरकलं.