क्राऊन-पिनियन बदलला अन् अ‍ॅव्हरेज घटला?

माझी पिकअप नागपूरच्या कळमना बाजारातून माल भरून सिवनीला जाते, येताना बहुतेक रिकामी. रिकाम्या गाडीचं इंजिन ८० च्या स्पीडला उगाच साडेतेवीसशे आरपीएमवर बोंबलत राहायचं. सहावा गिअर कुठून आणू? म्हणून वाडीकडच्या एका गॅरेजात मागचा क्राऊन-पिनियनच, म्हणजे इंजिनचा फिरावा मागच्या चाकांना देणारी दातेरी चक्रांची जोडीच, बदलून घेतला. जुना ४१ बाय ९ दातांचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडच्या शाफ्टचे ४.५६ फेरे, आता ३७ बाय ९, म्हणजे ४.११. त्याच स्पीडला आरपीएम एकवीसशेवर आला, केबिनमध्ये बोलणं ऐकू यायला लागलं.

मिस्त्रीचा हात चांगला आहे. जोडी एकाच सेटची घेतली, दातांना नीळ लावून घासण कुठे उमटते ते मला दाखवलं. तरी पहिल्यांदा शिम, म्हणजे जोडीतलं अंतर जमवायची पातळ चकती, चुकला. ६० च्या पुढे मागून नुसता हूं... हूं... आवाज! जोडीची पेटी, हौसिंग, परत उघडलं, माझा एक दिवस गेला. दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही, हे मात्र खरं.

मग टाकी फुल करून हिशोब केला तर डोकंच फिरलं. आधी ११.६ चा अ‍ॅव्हरेज, आता ११.१! भांडायलाच गेलो होतो राजेहो. मिस्त्री हसला. "भाऊ, मीटर गिअरबॉक्समधून चालते, चाकाचे फेरे मोजत नाही. चाक पुढे गेलं, मीटर मागे राहिलं." मोबाईलचा नकाशा लावून पाहिलं: १०० किलोमीटर चाललो की मीटर ९० च दाखवते. त्या हिशोबाने खरा अ‍ॅव्हरेज १२.३. म्हणजे फायदा लिटरमागे पाऊण किलोमीटरच्या आतबाहेर.

आता तोटा. कुरई घाटात भरल्या गाडीला जिथे चौथा चालायचा तिथे तिसरा टाकावा लागतो. कळमन्याच्या गर्दीत तर पहिल्या गिअरची ओढच कमी झाली, क्लच धरून धरून पाय भरून येतो. ज्याचा धंदा गावातल्या गावात आहे, किंवा जो रोज ओव्हरलोड टाकतो, त्याने या भानगडीत पडू नये. डिझेल वाचेल तेवढं क्लचप्लेट खाईल. माझं अर्धं चालणं रिकाम्या हायवेवर, म्हणून मला परवडलं.

अन् मालगाडीला चारपदरीवर ८० ची मर्यादा आहे. मीटर ८० दाखवते तेव्हा गाडी ८९ वर असते. पोराने डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली आहे: '७२ म्हणजे ८०'.