'प्रेषितांची कृत्ये' : वेंगुर्ल्याजवळचा पाच रविवारांचा अभ्यासवर्ग

वेंगुर्ल्याजवळच्या एका चर्चच्या सभागृहात हा वर्ग भरतो. मिस्सा आटोपली की साडेनऊ ते साडेअकरा, असे पाच रविवार. फी नाही, पुस्तिकेचे ५० रुपये घेतात. हाताशी असतं 'प्रेषितांची कृत्ये' हे बायबलच्या नव्या करारातलं, लूकने लिहिलेलं पुस्तक. विषय एकच आहे: यहूदी लोकांमध्ये सुरू झालेली येशूच्या अनुयायांची मंडळी परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, सुंतेची अट न घालता आपल्यात घ्यायला कशी तयार झाली. वर्ग कुणालाही खुला आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू सगळे येऊन बसतात आणि कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही.

पहिल्याच तासाला एक मोठा गैरसमज दूर होतो. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेममध्ये देशोदेशीचे लोक जमले होते, त्यामुळे तेव्हाच दार सगळ्यांना उघडलं असं बहुतेकांना वाटतं. पण दुसऱ्या अध्यायातली ती गर्दी बाहेरदेशी राहणाऱ्या यहुद्यांची आणि यहूदी धर्म स्वीकारलेल्यांची आहे. भाषा अनेक, धर्म एकच. सहाव्या अध्यायातलं ग्रीक बोलणाऱ्या विधवांच्या रोजच्या वाटपाचं भांडणही घरातलंच. दार हळूहळू किलकिलं होतं ते आठव्या अध्यायापासून: आधी शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परके मानलेले शेजारी, मग गाझाच्या वाटेवर यशयाचं पुस्तक वाचत चाललेला इथिओपियाचा अधिकारी. शिक्षकांनी हा क्रम फळ्यावर मांडून दाखवला, तो वहीत तसाच उतरवून घ्यावा.

तिसरा रविवार चुकवू नका. पूर्ण दोन तास दहाव्या अध्यायाला दिलेत आणि ते सार्थकी लागतात. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र यापो इथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरलेला असतो. घर समुद्राकाठी. मेलेल्या जनावरांची कातडी, त्यांचा दर्प, धुण्याला लागणारं पाणी. सुमारे इ. स. २०० च्या मिश्नेत, म्हणजे यहूदी नियमांच्या संग्रहात, तर अशी जागा वस्तीपासून ५० हात दूर असावी असा नियमच आहे. असं घर गावाच्या कडेला का असतं, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे रोमन शताधिपती (शंभर सैनिकांवरचा अधिकारी) कर्नेल्या या परराष्ट्रीयाच्या उंबऱ्यावर पोचण्याआधीच पेत्र अर्धी वाट चालून आलेला आहे. तिथून कर्नेल्याचं कैसरीया किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण ५० किलोमीटर. पेत्र एकटा जात नाही, सहा जणांना सोबत नेतो. पुढे यरुशलेममध्ये जाब विचारला जातो तेव्हा हेच सहा जण साक्षीदार म्हणून हजर असतात. आणि जाब कशाचा, हे नीट वाचा: बेसुनत (सुंता न झालेल्या) लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास का? बाप्तिस्म्याआधी पंगतीचा प्रश्न येतो. आपल्याकडे रोटीव्यवहार म्हणजे काय हे माहीत असलेल्या वाचकाला या ओळीचं वजन लगेच कळतं.

या पाठात नेहमी होणारी चूक म्हणजे आकाशातून उतरलेल्या चादरीपाशी थांबणं. पेत्राला दर्शनात सगळ्या प्रकारच्या जनावरांनी भरलेली चादर दिसते आणि 'मारून खा' असं सांगितलं जातं, ती ही चादर. सोळाव्या वचनावर वाचन थांबवलं तर हा अध्याय खाण्यापिण्याच्या सवलतीचा वाटतो. २८ व्या वचनापर्यंत जा. कुणाही माणसाला अशुद्ध म्हणायचं नाही, असा अर्थ पेत्र तिथे स्वतःच सांगतो. लूकने कर्नेल्याचं दर्शन तर चार वेळा लिहिलंय (१०:३, १०:२२, १०:३०, ११:१३). जागा मोजूनमापून वापरायच्या त्या काळात एवढी पुनरुक्ती उगाच कुणी करत नाही.

पुस्तिकेचा नकाशा मात्र बदलायला हवा. झेरॉक्स इतकी काळवंडली आहे की सायप्रस शोधावं लागतं. शिवाय अंत्युखिया एकच दाखवलंय. प्रत्यक्षात ती दोन आहेत: सीरियातलं, जिथे शिष्यांना प्रथम 'ख्रिस्ती' म्हटलं गेलं, आणि पिसिदियातलं, जिथे पौल व बर्णबा हे प्रचारक परराष्ट्रीयांकडे वळल्याचं जाहीर करतात. नवखा वाचक इथे हमखास गोंधळतो. याकोबही दोन. जब्दीचा मुलगा याकोब बाराव्या अध्यायात मारला जातो, पंधराव्यात निर्णय देणारा याकोब म्हणजे प्रभू येशूचा भाऊ. वर्गात हे सांगितलं, पुस्तिकेत नाही. पेन्सिलीने लिहून ठेवा. यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणातल्या ग्रीक सूचनेच्या दगडाचा फोटो मात्र उत्तम छापलाय. कठड्याच्या आत येणारा परदेशी स्वतःच्या मरणाला स्वतः जबाबदार, अशी ती सूचना. दगड १८७१ मध्ये यरुशलेमला सापडला, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. एकविसाव्या अध्यायात, परराष्ट्रीयांना मंदिरात आणल्याच्या आरोपावरून, पौलावर जमाव का तुटून पडतो, हे त्या एका फोटोवरून समजतं.

चौथ्या रविवारी पौलाच्या रोमकरांस पत्रातला अकरावा अध्याय शिकवताना कोय कलमाचं रोप आणलं होतं. कल्पना छान, पण समजावताना गडबड झाली. आपल्या नर्सरीत खुंट रायवळाचा आणि काडी हापूसची, म्हणजे वरची काडी उजवी. पौल नेमकं उलटं सांगतो. मूळ लागवडीच्या जैतुनाचं, म्हणजे इस्राएलचं, आणि त्यात बांधलेली फांदी रानटी, म्हणजे परराष्ट्रीयांची. हे निसर्गाविरुद्ध आहे असं तो स्वतः म्हणतो आणि फांदीला बजावतो की फुशारकी मारू नकोस, मूळ तुला आधार देतं. वर्गात मात्र परराष्ट्रीय म्हणजे सुधारित वाण असा समज झाला. यातूनच यहुद्यांना कमी लेखायची वाट सुरू होते, म्हणून पुढच्या वर्गात हे दुरुस्त झालंच पाहिजे.

पाचव्या रविवारी फार घाई झाली. पंधराव्या अध्यायातली यरुशलेमची सभा, साधारण इ. स. ४८-४९ ची, अर्ध्या तासात उरकली. सुंता नको, पण मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरून मारलेलं जनावर आणि जारकर्म टाळा, या चार अटी नुसत्या वाचून दाखवल्या. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १७-१८ अध्यायांत इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठी दिलेले नियम शेजारी ठेवले की चारांमागचा धागा दिसतो: ज्यांना सगळं चालतं त्यांनी थोडं सोडायचं, म्हणजे दोघांना एका ताटावर बसता येईल. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय तर घरी वाचायला सांगितला. हे पटलं नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो मागे सरला, बर्णबाही त्याच्यामागे गेला आणि पौलाने पेत्राला तोंडावर सुनावलं. हे पौलाच्या स्वतःच्या हातचं पत्र आहे, लूकच्या पुस्तकाहून जुनं. ते वगळलं तर सगळं एका सभेत गोडीगुलाबीने मिटलं असं वाटतं.

समारोपाच्या जेवणाला मासे एका टेबलावर, शाकाहारी दुसऱ्या टेबलावर, आणि माणसंही तशीच वाटली गेली. या विषयाच्या वर्गाला हे शोभत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, सोलकढी एवढंच ठेवून एक पंगत मांडली तर कुणालाही उठावं लागणार नाही, खर्चही कमी होईल.

एवढं असूनही वर्ग जरूर करा. मराठीतून, फी न घेता, इतक्या बारकाईने दहावा अध्याय शिकवणारी जागा जवळपास मिळणं कठीण. स्वतःचं बायबल आणि पेन्सिल न्या, पाचव्या रविवारआधी गलती १ आणि २ वाचून जा आणि शिक्षकांना अंत्युखियाच्या जेवणाबद्दल थेट विचारा. विचारलं की ते वेळ काढून नीट सांगतात.