जुना व्हीसीआर की नवा डिजिटल रेकॉर्डर?

अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं म्हणून व्हीसीआर मोडीत निघत नाही. निकामी होतो तो त्याच्या पोटातला ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग. मग एकतर त्याच्याआधी सेट-टॉप बॉक्स जोडायचा, नाहीतर डिजिटल ट्यूनरवाला हार्ड डिस्क रेकॉर्डर घ्यायचा.

बॉक्स स्वस्त पडतो आणि जोडणीही सोपी: अँटेनाची वायर बॉक्समध्ये, तिथून पिवळी-लाल-पांढरी केबल व्हीसीआरच्या 'लाइन इन'मध्ये. खरी कटकट टायमरची. रात्री 9 चा कार्यक्रम हवा, तर व्हीसीआरवर वेळ लावायची, चॅनेलच्या जागी लाइन इनपुट निवडायचा आणि बॉक्स नेमक्या त्या चॅनेलवर चालू ठेवून जायचं. घरातल्या कुणी सवयीने बॉक्स बंद केला, की टेपवर नुसता काळा पडदा. (आमच्याकडे दोनदा झालंय!) एकच बॉक्स असेल, तर एक चॅनेल बघत दुसरं रेकॉर्ड करणं विसरा. चित्रही शेवटी व्हीएचएसचं, म्हणजे व्हीसीआरच्या टेपचंच, जेमतेम 240 ओळींच्या तपशिलाचं.

रेकॉर्डर आलेला डिजिटल सिग्नल जसाच्या तसा डिस्कवर साठवतो, त्यामुळे दर्जा घसरत नाही. सूचीतला कार्यक्रम निवडला की काम झालं. जागा मात्र खातो: सेकंदाला 8 मेगाबिट धरले तर तासाला 3.6 जीबी.

माझा कल रेकॉर्डरकडेच. पण व्हीसीआर टाकू नका, जुन्या टेप बघायला तोच लागणार. त्या डिस्कवर उतरवायच्या असतील, तर रेकॉर्डरच्या मागे अ‍ॅनालॉग इनपुट आहे ना, ते घेतानाच बघा, पुष्कळांना नसतो.