खाली बसवलेली पिकअप आणि २२ इंची चाकं: पाटा, कॉइल की एअर बलून?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिकअप घेऊन येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, “भावा, किती इंच खाली बसंल?” मी उलट विचारतो, “हौद्यात काय घालणार?” आधी वजन ठरवायचं, मग चाक, मग मागचा ॲक्सल वर-खाली होताना कुठल्या वाटेनं जाणार ते. इंच सगळ्यात शेवटी. ज्यांनी हा क्रम उलटा धरला त्यांच्या गाड्या वर्षभरात परत उघडलेल्या मी पाहिल्यात.

गाडी डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्सच्या जातीची धरू. पुढे डबल विशबोन (चाकाला वरून-खालून धरणारे दोन आर्म) आणि कॉइल, मागे पाटे (पट्ट्यांची लीफ स्प्रिंग), आणि ते ॲक्सलच्या वरून गेलेले.

चाकाचा हिशोब सोपा आहे. २६५/६० आर १८ टायरची पूर्ण उंची ७७५ मिमी भरते, २६५/४० आर २२ ची ७७१. डिस्क (रिम) चार इंचांनी वाढली तरी चाक जवळपास तेवढंच राहतं, स्पीडोमीटर बिघडत नाही. बदलते ती टायरची भिंत. ती १५९ मिमीवरून १०६ वर येते. ऊसतोडणी सुरू झाली की ट्रॉल्यांनी खणलेल्या रस्त्यावर हे गेलेले ५३ मिमी रबर प्रत्येक खड्ड्याला जाणवतं. रबर जे काम करत होतं ते आता सस्पेन्शननं करायचं, आणि नेमका त्याचाच प्रवास आपण कमी करणार. टायरवरचा लोड इंडेक्सही वाचून घ्या. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, १०६ म्हणजे ९५०.

आता मागचा ॲक्सल. सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे पाटे ठेवायचे आणि ॲक्सल त्यांच्या वर घ्यायचा. हौसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या पाइपच्या, खालच्या बाजूला नव्या बैठका वेल्ड करायच्या, यू-बोल्ट नवे. गाडी किती बसते? हौसिंगचा व्यास अधिक पाट्यांची जाडी. ८० मिमी पाइप आणि ४० मिमी पाटे असतील तर १२० मिमी, म्हणजे पावणेपाच इंच. हौसिंग मात्र उलटं फिरवायचं नाही, नाहीतर पहिल्या गिअरला गाडी मागं जाईल. कुणी ‘ब्लॉक टाकून खाली करून देतो’ म्हणाला तर त्याला विचारा, पाटा ॲक्सलच्या वर आहे की खाली? वर असेल तर दोघांमध्ये घातलेल्या ठोकळ्यानं, म्हणजे ब्लॉकनं, गाडी उलट उंच होते.

पाट्याचा मोठा गुण असा की तो भारही पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरतो. बिघडलाच तर दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावीही मिळतो. पण १२० मिमी खाली आल्यावर ॲक्सल चेसीला भिडायला फारसं अंतर उरत नाही. चेसीला खालून कमानीसारखा काप घेऊन वरून जाड प्लेटचा पूल बांधावाच लागतो. हा काप टाळून नुसते बंप रबर (ॲक्सल वर आला की ज्यावर टेकतो ते रबरी ठोकळे) तासणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

पाटे काढले की कॉइल घाला नाहीतर एअर बलून (हवा भरलेला रबरी फुगा), दोन्ही फक्त भार पेलतात. ॲक्सलला पुढं-मागं, आडवं आणि पिळाच्या दिशेनं धरायला चार लिंक, म्हणजे चेसी-ॲक्सलमधले जोडदांडे, लागतात. माझ्या मते खरा पैसा इथंच घालावा. सीमलेस पाइपच्या लिंक, टर्नरकडून बनवलेल्या स्लीव्ह, टोकाला रबर किंवा पीयू बुश. रोजच्या गाडीला रॉड एंड (धातूचे बॉल-सांधे) नको, आमच्या धुळीत आणि पावसात ते लवकर खुळखुळतात.

चारही लिंक समांतर ठेवल्या तर ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड लागतो, आणि तो ॲक्सलला कमानीत फिरवतो. ८०० मिमीचा रॉड आडवा असताना ॲक्सल १०० मिमी वर गेला तर तो ६ मिमी बाजूला सरकतो, १५० मिमीला १४. साध्या चाकाला हे कळत नाही. २२ इंची रुंद चाकात आतल्या बाजूला बोटभर जागा असते, तिथं कळतं. माझ्या सुरुवातीच्या एका कामात हा रॉड आखूड पडला होता. गगनबावड्याहून परतलेल्या त्या गाडीच्या डाव्या टायरच्या आतल्या भिंतीवर गोल, चकचकीत घासलेला पट्टा होता. हात लावला तर रबर गरम. तेव्हापासून जागा मिळेल तिथं मी वरच्या दोन लिंक तिरक्या, त्रिकोणात बसवतो. मग पॅनहार्ड लागतच नाही आणि ॲक्सल सरळ वर-खाली होतो.

लिंक झाल्यावरचा प्रश्न, कॉइल की बलून? इथं हौद्याचं उत्तर उपयोगी पडतं. रिकाम्या गाडीत मागं प्रत्येक बाजूला स्प्रिंगवर ३५० किलो येतात असं धरा. हौद्यात ५०० किलो टाकले की ते ६०० होतात. मिलिमीटरला ५ किलोची कॉइल असेल तर गाडी ५० मिमी आणखी बसते. खाली केलेल्या गाडीत वरच्या दिशेला ७५ मिमी प्रवास असला तरी नशीब. त्यातले २५ उरले, म्हणजे पुढचा प्रत्येक स्पीड ब्रेकर बंप रबरवर. कॉइल कडक घेतली तर रिकामी गाडी उडते. म्हणून हौदा रिकामाच राहणार असेल, फार तर एखादी मोटरसायकल, तरच कॉइल घ्या. तेवढ्या वापराला ती उत्तम. हवा नाही, वायर नाही, सकाळी गाडी जिथं सोडली तिथंच उभी.

बलूनचा हिशोब वेगळा. त्याचं प्रत्यक्ष भार पेलणारं क्षेत्रफळ १५० चौरस सेंमी असेल तर ३५० किलोला साधारण ३३ पौंड हवा लागते, ६०० किलोला ५७. हवा वाढवली की उंची तीच राहते, आणि भाराबरोबर कडकपणाही वाढत असल्यानं चालही फारशी बदलत नाही. शिवाय स्पीड ब्रेकरला गाडी उचलता येते. कोल्हापुरात खाली बसवलेल्या गाडीला हे सुख फार मोठं आहे. बदल्यात काय येतं? कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या आणि गळती. टाकीत पाणी साठतं, म्हणून वॉटर ट्रॅप हवा आणि टाकीच्या तळाला निचऱ्याचा कॉक. कॉम्प्रेसर हौद्याखाली लटकवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं. नुसत्या जोराच्या पावसातही सखल रस्त्यावर चाक अर्धं बुडतं. कॉम्प्रेसर केबिनमध्ये सीटमागं बसवा. फुगलेल्या बलूनच्या चारी बाजूंना निदान इंचभर मोकळी जागा ठेवा. आणि बलून म्हणजे बंप रबर नव्हे. हवा पूर्ण गेली तरी गाडी ज्यावर टेकेल ते रबर वेगळं लागतं.

पुढच्या बाजूला निवड कमी आहे. कापलेली कॉइल नकोच. ती कडक होते आणि चाक लटकलं की जागेवरून सुटू शकते. योग्य लांबीची कॉइल किंवा बलून, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) जुळवायला वरचा आर्म बदललेला, आणि स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन खालच्या आर्मशी जुळलेला. तो जुळला नाही तर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. काही पिकअपना मागच्या ॲक्सलवर भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चेसी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून तो भार ओळखतो. गाडी खाली आली की त्याला हौदा भरल्यासारखा वाटतो, तो मागं जास्त प्रेशर देतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. त्याचा दांडा नव्या उंचीला लावून घ्या.

कायद्याचंही आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात विम्याचाही वाद उभा राहतो. शोची, खासगी जागेत फिरणारी गाडी असेल तरच चेसीला कटर लावा. एकच गाडी असेल आणि तीच रोज कामावर न्यायची असेल तर माझा सल्ला, मूळ पाटे राहू द्या.

तरीही करायचं ठरलंच तर पाटे सोडण्याआधी ओळंबा लावून ॲक्सलचा मध्य फरशीवर खडूनं आखून घ्या, दोन्ही बाजूंना. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन मोजून लिहून ठेवा. ब्रॅकेट नुसते टॅक मारा (ठिपक्याएवढं कच्चं वेल्ड), स्प्रिंग किंवा बलून न घालता मोठी चाकं चढवा आणि जॅकनं ॲक्सल बंप रबरला टेकेपर्यंत उचला. मग एकच बाजू उचला. पुढं स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवा. मडगार्डच्या आत, चेसीवर, ब्रेकच्या पाइपपाशी ओल्या मातीचे गोळे चिकटवून ठेवा. जिथला गोळा दबला तिथं गाडी घासणार. दबलेला एकही गोळा उरला नाही की मगच पूर्ण वेल्डिंग करा.