देवपुरातलं मास हुनी: दोन रविवारी खाल्लं, त्याबद्दल

मालदीवच्या अड्डू अटोलमध्ये मी तीन वर्षं शाळेत गणित शिकवलं. तिथं सकाळी घरोघरी मास हुनी असतं. मास म्हणजे मासा, हुनी म्हणजे खोवलेला नारळ. धुळ्यात ते पुन्हा खायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. देवपुरात एका ताईंच्या घरगुती खानावळीत रविवारी मिळतं म्हणून कळलं, तशी आईला घेऊन गेले.

पहिल्या रविवारी मन खट्टू झालं. सुक्या खोबऱ्याचा कीस घातला होता. आपल्या काळ्या मसाल्याला तेच लागतं, पण इथे ओला नारळच हवा, नाहीतर मासा घशाला कोरडा लागतो. ताईंना तसं सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी विळीवर नारळ खोवला होता, आणि पहिल्याच घासाला मला अड्डूचं स्वयंपाकघर आठवलं.

बाकी रीत त्यांची चोख. कांदा, मिरची, मीठ, लिंबू आधी हाताने चुरायचं, कांद्याला पाणी सुटेपर्यंत. मग टूना, नारळ सगळ्यात शेवटी. मिक्सरला हात लावत नाहीत. मिरची मात्र आपली लवंगी. तिकडची गिथेयो मिरुस गुबगुबीत, तिला स्वतःचा एक वास असतो. लवंगीने नुसता झणका येतो.

मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती धुराची. तिथे धुरी दिलेला टूना, वल्होमास, घालतात. इथे डब्यातला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि गॅसवरच्या वांग्याचं भरीत, तेवढा फरक पडतो. ताईंनी टूनाला कोळशाची धुरी देऊन बघावी, असं मी त्यांना मनापासून सांगून आले आहे.

सोबत रोशी, म्हणजे कणकेत तेल-मीठ घालून गरम पाण्यात मळलेली पातळ पोळी. मऊसूत होती. कोरा गोड चहाही तिथल्यासारखाच. आईने रोशी बाजूला सारली, घरून बांधून आणलेली कळण्याची भाकरी काढली आणि म्हणाली, "भाकरवर चांगलं लागस." मीही खाऊन पाहिलं. खरंच लागतं.

ताट १२० रुपये, दोन रोशींसह. नऊच्या आत जा आणि तिथेच बसून खा. मी एकदा डबा भरून आणला होता. धुळ्याच्या उन्हात दुपारपर्यंत नारळ आंबला.