कॅलिफोर्नियात नवी गाडी: ३०/६०/१५ पुरेल की १००/३००/१०० घ्यावं?

भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवून इथे आलेल्या माणसाला लायबिलिटीचं, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचं लिमिट आपण निवडायचं असतं, हेच नवीन असतं. तिकडे थर्ड पार्टी विम्यात समोरच्याच्या मृत्यू-दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. इथे कंपनी पॉलिसीवरच्या आकड्यापाशी थांबते आणि उरलेलं तुमच्या अंगावर येतं. म्हणून हे तीन आकडे नीट समजून घ्या.

३०/६०/१५ म्हणजे एका जखमी माणसामागे जास्तीत जास्त ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींचे मिळून ६० हजार आणि समोरच्याच्या गाडी-मालमत्तेच्या नुकसानीचे १५ हजार. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे कायदेशीर किमान आहे. त्याआधी १५/३०/५ होतं, तेही १९६७ पासून! वाढ झाली ती चांगलीच, पण महागाईच्या मानाने ती फारच तोकडी आहे.

धरा, सिग्नलला तुमची चूक झाली. समोरच्या गाडीत तिघं. एकाचं ऑपरेशन आणि बुडालेला पगार धरून दावा ८० हजारांचा, दुसऱ्याचा २५, तिसऱ्याचा १०. त्यांची गाडी बाद, किंमत ३८ हजार. किमान पॉलिसी जखमींना ६० हजार आणि गाडीचे १५ हजार देऊन मोकळी होते. दुखापतीचे ५५ आणि गाडीचे २३, असे ७८ हजार डॉलर तुमच्याकडून मागता येतात. कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर बचतीवर आणि पगारावरही जप्ती येऊ शकते. १००/३००/१०० असतं, तर याच अपघातातला सगळा दावा पॉलिसीत बसला असता.

माझ्या मते नोकरी करणाऱ्या, थोडीफार शिल्लक असलेल्या कुटुंबाने १००/३००/१०० च्या खाली उतरूच नये. लिमिट तिप्पट केलं म्हणून प्रीमियम तिप्पट होत नाही, कारण पहिले काही हजार डॉलर सर्वात महाग पडतात आणि वरचा थर तुलनेने स्वस्त मिळतो. लीजवर गाडी घेत असाल तर बहुतेक वेळा हा प्रश्नच उरत नाही. लीज कंपन्या सहसा १००/३००/५० तरी मागतात. लोन देणारी बँक मात्र स्वतःच्या तारणापुरतं, म्हणजे कोलिजन (धडकेत तुमच्याच गाडीचं झालेलं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरे) एवढंच बघते. बँकेने पास केलेली पॉलिसी तुमच्यासाठी पुरेशी असेलच असं नाही.

घर झालंय, गुंतवणूक आहे किंवा मूल नुकतंच गाडी शिकतंय, तर दुखापतीचं लिमिट २५०/५०० आणि वर दहा लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीच्या विम्याचं लिमिट संपल्यावर पुढचं भरणारी वेगळी पॉलिसी, घ्या. अंब्रेला देणाऱ्या कंपन्या खालच्या पॉलिसीत बहुधा एवढं लिमिट आधी मागतातच.

किमान लिमिट कुणाला चालेल? ज्याच्याकडे गमावण्यासारखं खरंच काही नाही आणि पैशांची ओढाताण आहे, त्याला. पण नवी कोरी गाडी घेणाऱ्यांत असे थोडेच.

प्रीमियम जड वाटला तर कात्री लायबिलिटीला लावू नका, डिडक्टिबल, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीत आधी तुम्ही भरायची रक्कम, ५०० वरून १००० डॉलर करा. स्वतःच्या बंपरचे जादा पाचशे डॉलर आपण सोसू शकतो, दुसऱ्याच्या ऑपरेशनचा खर्च नाही. आणखी एक गोष्ट: अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं कव्हर सहसा तुमच्या लायबिलिटी लिमिटपेक्षा जास्त मिळत नाही. विमा नसलेल्याने किंवा किमान विमा असलेल्याने तुम्हाला धडक दिली, तर तुमच्या घरच्यांच्या उपचाराला हेच कव्हर कामी येतं. ते नको म्हणून सही करून देऊ नका.

तिन्ही लिमिटचे कोट एकाच दिवशी, एकाच डिडक्टिबलवर मागवा, नाहीतर तुलना फसते. आणि जुन्या पॉलिसीत नवी गाडी फोनवरून जोडणार असाल तर लिमिट जुनंच लागू होतं. डीलरकडून चावी घेण्याआधी डिक्लरेशन पेज (पॉलिसीचा सारांश असलेलं पान) उघडून तिन्ही आकडे वाचा.